पाचवी सुरकुती

आत्या कुणाच्याही घरी गेली की पहिली पाच मिनिटं काही बोलत नाही. चपला काढायच्या, समोर दिसेल त्या खुर्चीवर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि गप्प. नव्या माणसाला वाटतं, बाईला गर्व आहे किंवा ऐकू कमी येतं. माझी बायको तिला पहिल्यांदा भेटली तेव्हा रडकुंडीला आली होती. मी तिला हळूच म्हटलं, थांब, दिवा अजून चढायचाय. सहाव्या मिनिटाला आत्याने तिला जवळ बसवून घेतलं आणि माझ्या लहानपणीच्या इतक्या भानगडी सांगितल्या की शेवटी मलाच तिथून उठावं लागलं.

ही सवय तिला एका खोलीने लावली. कारखान्याच्या कोपऱ्यात आतून काळा रंग दिलेली, बिनखिडकीची, दाराला जाड कापडाचे दोन पडदे असलेली ती खोली. कारखान्यात गाड्यांच्या पुढच्या चाकांना वळवणारे पोलादी हात तयार होत. चालक हातातलं चाक फिरवतो आणि रस्त्यावरचं चाक वळतं, त्या दोघांच्या मधला हा हात. त्यात केसाएवढी चीर राहून गेली तर ती साध्या डोळ्याला दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या उतारावर ती आपण होऊन दिसते. तिला त्याआधी गाठायचं, हे आत्याचं काम. सत्तावीस वर्षं तिने ते केलं.

त्याआधी ती तयार हात तेलकट कागदात गुंडाळायच्या टेबलावर होती. शाळा सातवीपर्यंत. एक दिवस तिने गुंडाळायला घेतलेला एक हात बाजूला ठेवला आणि सांगितलं, हा खाली ठेवताना वेगळा वाजतो. सगळे हसले. फक्त तेव्हाचे तपासनीस, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, तो हात उचलून काळ्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले ते थेट तिच्याकडे. हात वरवर बघून त्यांनी तो पास केला होता आणि चूक त्यांची होती, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन्ही त्यांनी आत्याला शिकवण्यात घालवली.

मास्तरांनी तिला शिकवलं ते तिने मला स्वयंपाकघरात शिकवलं. माझी आई मी लहान असतानाच गेली, बाबा बोटीवर असायचे, मला आत्यानेच वाढवलं. कणीक मळता मळता ती दिव्याबद्दल बोलायची, एखाद्या लांबच्या पण हुशार नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

बोटाएवढी एक नळी. साध्या काचेची नाही, गारगोटी वितळवून केलेली. साधी काच त्या धगीला टिकायची नाही आणि हवी ती किरणंही धड बाहेर सोडायची नाही. नळीत थोडा आरगॉन वायू आणि पाऱ्याचा एक थेंब. बटण दाबलं की आधी आरगॉनमधून वीज वाहू लागते. उजेड मंद, जांभळट, आजाऱ्यासारखा. त्या धगीने पारा हलतो, त्याची वाफ होते. वाफ वाढते, नळीतला दाब वाढतो आणि दिवा चढू लागतो. वाफेतून धावणारे विजेचे कण पाऱ्याच्या अणूंवर आदळतात. आदळलेला अणू वरच्या पायरीवर फेकला जातो, तिथे त्याला राहवत नाही, तो खाली येतो आणि येताना मिळालेली शक्ती उजेड म्हणून टाकून देतो. "जिन्यात धक्का लागला की हातातलं सांडतं ना, तसं," आत्या म्हणायची. सांडलेल्यातलं काही आपल्याला दिसतं: निळं, हिरवं, थोडं पिवळं. तांबडं जवळजवळ नाहीच, म्हणून असल्या दिव्याखाली माणसांचे ओठ काळे दिसतात. आणि काही दिसतच नाही. ते जांभळ्याच्याही पलीकडचं, अतिनील.

वीज एकदा नळीतून वाहू लागली की ती थांबायचं नाव घेत नाही, आणखी आणखी ओढते आणि दिवा स्वतःलाच जाळून घेईल. म्हणून बाहेर लोखंडी पेटीत चोक असतो, तो तिला आवरून धरतो. घरात एक तरी माणूस चोकासारखं लागतं, असं आत्या म्हणे. आमच्या घरात ते कोण होतं, हे मला विचारावं लागलं नाही.

तिच्या दिव्याच्या तोंडाशी काळपट जांभळी काच होती. दिसणारा उजेड ती अडवायची, न दिसणारा सोडायची. आणि त्यातलीही डोळे जाळणारी आखूड किरणं अडवायची. या शेवटच्या गोष्टीवर मास्तरांचा फार भर होता. एकदा कारखान्याच्या आवारातल्या मोठ्या दिव्याची बाहेरची काच फुटली आणि आतली नळी तशीच जळत राहिली. खाली काम करणाऱ्यांना वाटलं, दिवा शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी चौघांच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. दिवा लागलाय म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं नाही, हे मास्तरांचं वाक्य आत्या आजही भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणालाही ऐकवते.

खोलीतलं काम असं. पोलादी हातात वीज सोडून त्याला लोहचुंबक करायचं आणि त्यावर एक पातळ द्राव ओतायचा. द्रावात लोखंडाची भुकटी, प्रत्येक कणावर खास रंगाचा लेप. जिथे चीर असेल तिथे चुंबकाची ओढ बाहेर सांडते आणि भुकटी तिथे गोळा होते. मग दिवा. न दिसणारा उजेड तो रंग पिऊन घेतो आणि दिसणारा परत देतो. काळोखात, काळ्या पोलादावर, एक पोपटी केस.

पण आधी थांबावं लागतं. दिवा पूर्ण चढायला पाच मिनिटं, डोळे काळोखाला सरावायला तेवढीच. आणि मध्येच वीज गेली तर दहा. गरम वाफ दाबाखाली असते, तेवढ्या दाबात नळीतून पुन्हा वीज वाहू शकत नाही. नळी निवावी लागते, वाफेचा पुन्हा पारा व्हावा लागतो, तेव्हा कुठे दिवा लागतो. बाहेरचे लोक त्याला आत्याबाईंची सुट्टी म्हणत. ती ते मनावर घ्यायची नाही. त्या मिनिटांत ती माणसं आठवायची, ज्यांचे उपकार आहेत ती. पहिलं मिनिट मास्तरांचं, एवढं मला माहीत होतं. बाकीची कुणाची, ते तिने सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी पहिलं काम आजोबांना भेटायचं. आजोबा म्हणजे मास्तरांच्या वेळचा एक नापास हात, ज्याला पाच चिरा होत्या. त्यांना ती सुरकुत्या म्हणे. दिवा, द्राव आणि डोळे, तिन्ही धड असतील तर पाचही दिसल्या पाहिजेत. पाचवी, भोकाच्या काठाजवळची, अर्ध्या नखाएवढी. ती दिसल्याशिवाय दिवसाचा एकही हात पास करायचा नाही. पास झालेल्या हातावर ती आपला ठसा मारायची, सातचा आकडा असलेला पोलादी ठसा. तोही मास्तरांचाच.

त्या वर्षी तिच्या चष्म्याचा नंबर थोडा बदलला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही. तिच्या जुन्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती आणि उन्हात चालताना ती डोळे इतके बारीक करायची की मला वाईट वाटायचं. तेव्हा मी तिला न विचारता नवा चष्मा करवून घेतला. उन्हात आपोआप काळी होणारी आणि सावलीत पुन्हा पांढरी होणारी काच. इतकी वर्षं तिने माझ्यासाठी केलं, मी एक चांगली वस्तू आणली. चष्मेवाला काचेबद्दल बरंच काही सांगत होता. मी मान डोलावत होतो आणि आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होतो.

रविवारी तिने तो घातला. अंगणात गेली, काच काळी झाली. घरात आली, काच पांढरी झाली. आरशासमोर उभी राहून म्हणाली, जादूच आहे की. शेजारच्या तीन घरांत दाखवून आली.

सोमवारी आजोबांच्या तीनच सुरकुत्या दिसल्या.

तिला वाटलं, दिवा थकला. हे दिवे थकतातच. दिसणारा उजेड तसाच राहतो आणि न दिसणारा आतल्या आत कमी होत जातो. तिने नवा दिवा घेतला. मंगळवारी तीन, आणि चौथी असावी असा संशय. बुधवारी द्राव ओतून टाकून नवा केला. तीनच. दिव्याचा जोर मोजायचं यंत्र तपासणीसाठी बाहेर गेलं होतं, ते गुरुवारी परत आलं.

त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग म्हणाली, "दिवा चांगला आहे." कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तशी.

शुक्रवारी फोरमन स्वतः खोलीत येऊन बसला. तो वाईट माणूस नव्हता, पण चार दिवस एकही हात पास झाला नव्हता, ट्रे एकावर एक चढत होते आणि बाहेर ट्रक उभा होता. त्याला थांबायची सवय नव्हती. चुळबुळ करत कसाबसा बसला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, मला पाच दिसतात, बाई. ते सांगताना त्यालाच शरम वाटत होती, असं आत्याच म्हणाली. तिने सांगितलं, माझे डोळे गेले, उद्या ठसा परत करते. दुसऱ्या शाखेतून माणूस मागवा.

ठसा परत करणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तिला घरी बसायची भीती नव्हती. पण मास्तरांनी कागद गुंडाळणाऱ्या बाईला हात धरून त्या खोलीत नेलं होतं, तिच्या डोळ्यांच्या भरवशावर. ते डोळे खोटे निघाले तर नुसती नोकरी जात नव्हती. शिवाय एक प्रश्न तिने फक्त मला विचारला: डोळे नेमके कधीपासून गेले असतील? मागच्या आठवड्यात पाच दिसत होत्या ना? की सवयीने मोजल्या?

शनिवारी दुपारी तिला आणायला मी गेलो. खोलीतली उशी, हातमोजे, पाण्याची बाटली, एकवीस वर्षांचं सामान. ते तिने एकटीने उचलून आणू नये असं वाटलं. मी दाराबाहेर उभा होतो तेव्हा आत ती दिवा मालवत होती. तो ती कामाच्या वेळेत कधीच मालवत नसे. पडदे बाजूला झाले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला ठसा.

वरून आवाज आला. क्रेन चालवणाऱ्याला सगळे आकाशवाणी म्हणत, कारण तो दिवसभर छताखालच्या केबिनमधून खालच्यांवर शेरे मारत असे.

"काय आत्याबाई, आत ऊन फार होतं का आजही? आठवडाभर बघतोय, काळोखातून बाहेर येता त्या गॉगल लावून."

आजूबाजूचे एक-दोघे हसले. आत्याचा चेहरा कडक झाला. मी दिलेल्या चष्म्याला हसतात म्हणून तिने हे घरी कधी सांगितलं नव्हतं. आणि मी तिच्याकडे पाहिलं. काचा तव्यासारख्या काळ्या होत्या. मला तिचे डोळे दिसत नव्हते. ती सकाळपासून जिथे होती तिथे ऊन कधीच पोचलेलं नव्हतं.

तेव्हा मला चष्मेवाला आठवला. तो म्हणाला होता, ही काच उजेडाने काळी होत नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी होते. म्हणून मोटारीत बसलं की फारशी होत नाही, मोटारीची काच ती अडवते. मी मान डोलावली होती. दिव्याचं सगळं आत्याला ठाऊक होतं, काचेचं मला सांगितलं गेलं होतं, आणि आम्ही दोघं आठवडाभर एका टेबलावर जेवत होतो.

"जुना चष्मा कुठे आहे?" मी विचारलं.

"पिशवीत. का?"

"आत चल. दिवा लाव."

"आत्ताच मालवलाय. लागायचा नाही."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. आणि चढायला पाच."

आम्ही आत जाऊन बसलो. ती तिच्या स्टुलावर, मी उपड्या ट्रेवर. पडदे ओढल्यावर माझा हातही मला दिसेना. तापलेल्या नळीच्या घराचा, तेलाचा आणि द्रावाचा वास होता. मी तिला जे आठवलं ते सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मास्तर म्हणाले होते, रंगीत काच घालून आत यायचं नाही. पण माझी तर पांढरी आहे, असं मी धरून चालले.

थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तसं नसलं तर?"

"तर मी पिशवी उचलतो आणि आपण घरी जातो."

"चष्म्याचं वाईट वाटून घेऊ नकोस."

मला वाटतच होतं, आणि काळोखात ते लपवायची गरज नव्हती. तिने मध्येच बटण दाबून पाहिलं. चोक गुणगुणला, दिवा लागला नाही. वाफेला घाई नव्हती. मी विचारलं, पहिलं मिनिट मास्तरांचं, बाकीची कुणाची? तिने सांगितलं. दुसरं माझ्या आईचं, जिने तिला वहिनी असून बहिणीसारखं वागवलं. तिसरं कागद गुंडाळायच्या टेबलावरच्या दोघी बायकांचं, त्या हसल्या होत्या तरी नंतर रोज तिच्यासाठी जेवायला थांबत. चौथं आजोबांचं; कारण जगात कुणीतरी रोज तुम्हाला खरं सांगणारं लागतं.

"आणि पाचवं?"

"पाचवं तुझं," ती म्हणाली. "तू नसतास तर मी घरी कुणाला सांगितलं असतं हे सगळं?"

मी आभार मानायला चष्मा आणला होता. माझे आभार रोज सकाळी आधीच मानले जात होते, एकवीस वर्षं, एका बंद खोलीत.

पुढच्या खेपेला चोक गुणगुणला आणि खोलीत एक मंद जांभळा डाग उमटला. आणखी पाच मिनिटं. तिने दोऱ्याने बांधलेला चष्मा चढवला, दांडी कानामागे नीट बसवली. आजोबांना टेबलावर घेतलं, चुंबक केलं, द्राव ओतला. तिचे हात मला आता अंधुक दिसत होते. ते रोजच्यासारखे चालत होते.

ती खाली वाकली. एक, ती म्हणाली. दोन. तीन. मग थांबली. चार. मग इतका वेळ गेला की मी ट्रेवरून उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिने माझं बोट पकडलं आणि भोकाच्या काठाजवळ नेलं. तिथे अर्ध्या नखाएवढा पोपटी केस होता.

"ही दिसते तुला?"

"दिसते."

"मलाही."

एवढंच. ती रडली वगैरे नाही. तिने नवा चष्मा त्याच्या डबीत बंद केला, ठशावरचं फडकं सोडलं आणि मला बजावलं, दिवा मालवू नकोस, कशाला हात लावू नकोस. मग बाहेर गेली. आधी फोरमनकडे नाही, क्रेनखाली. मान वर करून म्हणाली, "खाली उतर." आकाशवाणी शिडीवरून उतरला तो आता चारचौघांत काय ऐकावं लागतंय अशा चेहऱ्याने. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, तुझं तोंड बंद राहत नाही हे माझं नशीब. त्याला काही कळलं नाही. तो पुढचे चार-पाच दिवस इतका घाबरून होता की त्याने कुणावर एक शेरा मारला नाही, आणि लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

फोरमनला सगळं समजावल्यावर त्याने कपाळाला हात लावला, आणि खोलीच्या दारावर पाटी लावायला सांगितली: उन्हात काळे होणारे चष्मे आत नकोत. ट्रे सोमवारी बघा म्हणाला. आत्या म्हणाली, दिवा चढलाय तर वाया का घालवायचा. त्या दुपारी तिने तीन ट्रे तपासले. मी उपड्या ट्रेवर बसून ऐकत होतो: द्रावाची धार, मग शांतता, मग ठशावर हातोडीचा एक ठोका. चौदाव्या का पंधराव्या हातावर ठोका आला नाही. तिने तो बाजूला ठेवला. त्यात चीर होती.

घरी जाताना तिने नवा चष्मा घातला. ऊन होतं, काचा काळ्या झाल्या. ती डोळे बारीक न करता चालत होती.

नंतर आणखी सहा वर्षं तिने काम केलं, एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊन परत गेली. शेवटच्या वर्षी नवे दिवे आले. त्यांत पारा नाही, बटण दाबलं की तत्क्षणी पूर्ण उजेड. त्यांच्याबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. थांबायला लावत नाही तो कसला दिवा, असं ती म्हणे, आणि पाच मिनिटं डोळ्यांसाठी म्हणून तशीच बसून राही.

निवृत्तीच्या दिवशी ठसा तिने नव्या तपासनीस मुलीच्या हातात दिला. फोरमनने तिला आजोबा दिले. नव्या दिव्यांबरोबर नवा नमुना आला होता. ते आता तिच्या खिडकीत असतात, वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून. उजेडात पोलाद गुळगुळीत दिसतं, एकही सुरकुती नाही. येणारा माणूस विचारतो, हे काय. आत्या हात मांडीवर ठेवून गप्प बसते, आणि पाच मिनिटांनी सांगते.